आईच्या लिव्हरमधली हायडॅटिड गाठ: एका रिपोर्टात टाइप ३, दुसऱ्यात सीई २, आता कमी झालीय का वाढलीय?

माणदेशी_पोरगा:
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, वेळ असेल तर पूर्ण वाचा. आईचं वय ५४, आम्ही माण तालुक्यातले, घरी मेंढरं आहेत, पूर्वी बाबा आणि चुलते दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचे, आता चुलतभाऊ जातो. आईला बरेच महिने उजव्या बरगडीखाली जड जड वाटत होतं, जेवलं की जास्त. गावातल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, काही फरक पडला नाही, मग तालुक्याला सोनोग्राफी केली तर लिव्हरच्या उजव्या भागात ८ सेंमीची पाण्याची गाठ निघाली. रिपोर्टात लिहिलंय हायडॅटिड सिस्ट (म्हणजे जंतामुळे होणारी पाण्याची गाठ), टाइप ३. त्यांनी पुढे पाठवलं म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी परत सोनोग्राफी झाली, तिथल्या रिपोर्टात साइज जवळपास तेवढाच पण लिहिलंय सीई २, ॲक्टिव्ह.

आता घरात दोन पक्ष पडलेत. मामा म्हणतात ३ चं २ झालं म्हणजे उतरतंय, कशाला कापाकापी. बहीण म्हणते ॲक्टिव्ह लिहिलंय म्हणजे वाढतंय. एक डॉक्टर म्हणाले गोळ्या चालू करून तीन महिने बघू, दुसरे म्हणाले ऑपरेशनच करावं लागेल. आणि ओपीडीत शेजारी बसलेल्या एका माणसाने सांगितलं की सुईने पण काढतात. आई म्हणते फार दुखत नाही तर पोट फाडायचं कशाला. तिला ऑपरेशनची लई भीती वाटते आणि मला नीट कळल्याशिवाय तिला काय सांगावं तेच सुचत नाही. हे टाइप ३ आणि सीई २ म्हणजे नक्की काय आणि त्यावरून पुढचं कसं ठरतं, कोणी समजावून सांगेल का? रिपोर्टातली नावं झाकून फोटो टाकलेत.

सोनोवाली_मॅडम:
भाऊ, मी रेडिओलॉजिस्ट आहे. आधी मुद्द्याचं सांगते, ३ चं २ झालेलं नाही आणि २ चं ३ पण नाही. गाठ आहे तशीच आहे, मोजायच्या पट्ट्या दोन वेगळ्या आहेत. तालुक्याच्या रिपोर्टातला टाइप ३ हा घार्बीचा आहे आणि जिल्ह्याच्या रिपोर्टातला सीई २ हा डब्ल्यूएचओचा (सीई हे या आजाराच्या इंग्रजी नावाचं, सिस्टिक एकायनोकॉकोसिसचं, छोटं रूप).

घार्बी हे ट्युनिशियातले डॉक्टर, तिथे मेंढरं खूप आणि हा आजारही खूप, त्यांनी १९८१ साली सोनोग्राफीत गाठ कशी दिसते त्यावरून १ ते ५ असे प्रकार पाडले. आपल्याकडे सगळे तेच शिकत आलेत, अजूनही बरेच रिपोर्ट त्यातच असतात. पुढे डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञ गटाने नवीन वर्गीकरण केलं, ते २००३ मध्ये छापून आलं. त्यात नुसतं दिसतं कसं एवढंच बघितलं नाही, आतला किडा जिवंत आहे का मरत चाललाय हेही धरलं. आणि तिथेच नंबर उलटेपालटे झाले. घार्बीचा २ म्हणजे ज्यात आतला पडदा सुटून पाण्यात तरंगतो, तो डब्ल्यूएचओत सीई ३ए झाला. घार्बीचा ३ म्हणजे ज्यात मोठ्या गाठीच्या पोटात छोट्या छोट्या गाठी भरलेल्या असतात, तो सीई २ झाला. म्हणून रिपोर्टात नुसतं टाइप २ किंवा टाइप ३ लिहून भागत नाही, कुणाचा टाइप ते लिहायलाच पाहिजे. मी माझ्या ज्युनिअरना नेहमी सांगते की नंबर लिहा पण त्याच्याआधी दोन ओळीत काय दिसलं ते लिहा, कारण पेशंट दुसरीकडे गेला की नंबर कुठला ते तिथल्या डॉक्टरला कळत नाही पण वर्णन कळतं.

आता सगळे प्रकार सांगते म्हणजे घरात समजावून सांगता येईल. सीई १ म्हणजे एकच गोल गाठ, आत स्वच्छ पाणी, आणि भिंतीला नीट बघितलं तर दोन समांतर रेघा दिसतात. पेशंटला कुशीवर वळवलं की तळाला बसलेले बारीक कण उठून पडद्यावर भुरभुरताना दिसतात, ती हायडॅटिडची वाळू. हे असलं की साधी सिस्ट नाही हे नक्की होतं, आणि हे फक्त वळवून बघणाऱ्यालाच दिसतं, दोन मिनिटात प्रोब (पोटावर फिरवायचं यंत्र) उचलला तर निसटतं. भिंत नीट ओळखू येत नसेल, नुसती पाण्याची गाठ दिसत असेल तर त्याला सीएल म्हणतात, ती साधी सिस्ट पण असू शकते, लगेच हायडॅटिडचा शिक्का मारायचा नाही. सीई २ म्हणजे आत पिल्लं, म्हणजे त्या छोट्या गाठी, मधाच्या पोळ्यासारखं किंवा चाकाच्या आऱ्यांसारखं चित्र. हे दोन्ही ॲक्टिव्ह. सीई ३ म्हणजे मधली अवस्था, त्याचे दोन भाग, ३ए मध्ये पडदा सुटलेला, ३बी मध्ये पिल्लं आहेतच पण त्यांच्या मधे घट्ट पांढरट भाग तयार झालाय. सीई ४ मध्ये पिल्लं नाहीत, सगळं घट्ट, आत गुंडाळलेल्या पडद्याच्या काळपट घड्या, पुस्तकात त्याला लोकरीचा गुंडा म्हणतात. सीई ५ म्हणजे जाड चुना धरलेली भिंत, मागे काळी सावली पडते. ४ आणि ५ हे झोपलेले. एक सांगते, भिंतीला थोडा चुना दिसला म्हणजे गाठ मेली असं नाही, चुना कुठल्याही टप्प्यावर थोडाफार धरू शकतो.

तुमच्या आईंच्या फोटोत मला पिल्लं स्पष्ट दिसतायत, त्यामुळे घार्बी ३ बरोबरच आहे. पण एक गोष्ट स्थिर फोटोवरून मला ठामपणे सांगता येणार नाही, ती म्हणजे पिल्लांच्या मधे पाणीच आहे का घट्ट भाग आहे. पाणी असेल तर सीई २, घट्ट भाग असेल तर सीई ३बी, कारण घार्बीच्या ३ मध्ये हे दोन्ही येऊन बसतात. ज्यांनी सीई २ लिहिलंय त्यांना एकदा एवढंच विचारा. ते चिडणार नाहीत, उलट बरं वाटेल त्यांना कोणी असं विचारलं तर.

आणि छातीचा एक्सरे झालाय का? लिव्हरनंतर दुसरा नंबर फुप्फुसाचा लागतो, तिथे नाही ना हे उपचार सुरू करायच्या आधी बघायचं असतं.

विटेकर:
मॅडम मस्त माहिती. पण एक शंका, माझ्या मामाच्या लिव्हरमध्ये पू झाला होता, तेव्हा सोनोग्राफीवर बघून सुई घालून अर्ध्या तासात सगळा काढून टाकला, चार दिवसात घरी. मग याच्यातलं पाणी तसंच काढून का टाकत नाहीत? पोट उघडायची गरजच काय?

सर्जरीवाला:
मी जनरल सर्जन, आमच्याकडे सोलापूर-सांगली भागातून या केसेस नेहमी येतात म्हणून लिहितो.

विटेकर भाऊ, पू आणि हे पाणी यात फार फरक आहे. हायडॅटिडच्या पाण्यात किड्याची जिवंत डोकी असतात, शिवाय ते पाणी पोटात सांडलं की शरीर एकदम ॲलर्जी देऊ शकतं, बीपी कोसळतं, पेशंट जाऊ पण शकतो. आणि त्यातून वाचला तरी सांडलेल्या प्रत्येक डोक्याची पोटात नवी गाठ होऊ शकते, काही वर्षांनी पोटभर गाठी घेऊन पेशंट परत येतो. म्हणून सरसकट सुई घालत नाहीत. पण सुईची पद्धत आहे, त्याला पेअर म्हणतात. सुई घालायची, पाणी ओढायचं, मग जंतू मारणारं औषध आत सोडायचं, बहुतेक २० टक्के मिठाचं पाणी, थोडा वेळ ठेवायचं आणि परत ओढून घ्यायचं. सगळं अल्बेंडाझोल या जंतावरच्या गोळीच्या कव्हरमध्ये, ॲलर्जीची इंजेक्शनं आणि भूलतज्ज्ञ हाताशी ठेवून. आणि मधे एक पायरी असते जी कधीच गाळायची नाही, ओढलेल्या पाण्यात पित्त आहे का ते तपासायचं. पित्त असेल तर गाठ पित्तनळीला जोडली गेलीय, मग आत औषध सोडलं तर पित्तनळ्या कायमच्या खराब होतात.

आता सोनोग्राफीच्या नंबरचा संबंध इथे येतो. पेअर चालतं सीई १ आणि सीई ३ए ला, कारण तिथे एकच खोली आहे, एकदा पाणी ओढलं की सगळं रिकामं. त्यातही ५ सेंमीपेक्षा लहान असेल तर नुसत्या गोळ्यांवर पण बघता येतं. सीई २ आणि ३बी ला साधं पेअर चालत नाही, आत पन्नास खोल्या, तुम्ही कितींना सुई घालणार, आणि ३बी मधला घट्ट भाग तर ओढलाच जात नाही. काही मोठ्या सेंटरला जाड नळी घालून सगळं धुऊन ओढून काढतात, पण ते सगळीकडे होत नाही. आणि नुसत्या गोळ्यांनी सीई २, ३बी तात्पुरतं दबलेलं दिसतं, गोळ्या थांबवल्या की बऱ्याच जणांत परत उठतं. म्हणून ८ सेंमीच्या सीई २ ला ऑपरेशन सुचवलं असेल तर त्या डॉक्टरांनी चुकीचं काही सांगितलेलं नाही. आणि सीई ४, सीई ५ ला काही त्रास नसेल तर आम्ही हातही लावत नाही, फक्त सोनोग्राफीवर लक्ष ठेवतो.

ऑपरेशनमध्ये पण घाई नसते. आधी काही दिवस तरी अल्बेंडाझोल, नंतर निदान महिनाभर. पोटात गाठीच्या भोवती मिठाच्या पाण्यात भिजवलेले कापडी मॉप लावून मगच गाठ उघडतात, एक थेंब बाहेर जाऊ देत नाहीत. गाठ कुठे आहे, पृष्ठभागाला आहे का खोल, मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलीय का, यावर दुर्बिणीने का उघडून ते ठरतं. त्यासाठी सीटी सांगतील, तो करून घ्या. पण कुठल्या टप्प्याची गाठ आहे हे मात्र सोनोग्राफीच चांगलं सांगते, सीटीत आतले पडदे बरेचदा दिसत नाहीत.

सोनोवाली_मॅडम:
सर्जरीवाला सरांच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. सीटीच्या रिपोर्टात पडदे नाहीत असं आलं म्हणून आधीची सोनोग्राफी चुकीची ठरवू नका. सोनोग्राफीत नीट दिसत नसेल, पेशंट जाड असेल किंवा गाठ अगदी वर डायाफ्रामखाली (छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याखाली) असेल तर एमआरआय बरा.

माणदेशी_पोरगा:
तुम्हा दोघांचे किती आभार मानू. काल जिल्ह्याला जाऊन आलो. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना मॅडमनी सांगितलेलं विचारलं, त्यांनी आईला परत टेबलवर घेतलं, कुशीवर वळवून वळवून बघितलं आणि मलाही स्क्रीनवर दाखवलं. मधे सगळं काळं पाणी आणि त्यात गोल गोल पिल्लं एकमेकांना चिकटून बसलेली, पांढरा घट्ट भाग कुठेच नाही. त्यामुळे सीई २ पक्कं. त्यांनी रिपोर्टात खाली घार्बी ३ असं पण लिहून दिलं, म्हणाले आता कुठेही गेलात तरी घोळ होणार नाही. एक्सरे क्लिअर आहे, या आजाराची रक्ततपासणी, एलायझा, पॉझिटिव्ह आली. बहिणीचं म्हणणं खरं निघालं, मामांना पण सगळं सांगितलं, ते आता ऑपरेशनला तयार आहेत. आई पण अर्धी तयार झालीय, त्या स्क्रीनवर तिने स्वतः बघितलं ना.

गोळी चालू केलीय, अल्बेंडाझोल ४००, सकाळ-संध्याकाळ. पण ही तर शाळेत पोरांना देतात ती जंताची गोळी ना? शेजारच्या काकू म्हणतात एक गोळी घ्यायची असते, महिनाभर रोज घेऊन लिव्हर खराब होईल. आणि माझी बहीण गरोदर आहे, बाळंतपणाला आमच्याकडेच येणार आहे, तिला आईकडून लागेल का?

सर्जरीवाला:
गोळी तीच, काम वेगळं. आतड्यातल्या जंताला एक डोस पुरतो, इथे औषधाला रक्तातून लिव्हरमध्ये, तिथून गाठीच्या भिंतीतून आत पोचायचंय, म्हणून रोज आणि बरेच दिवस. ही गोळी रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही, तेलातुपाच्या जेवणासोबत घ्यायची. वरणभातावर तूप, दूध, शेंगदाण्याची चटणी तेल घालून, काहीही चालेल, फक्त उपाशीपोटी नको. आई उपास करत असतील तर त्या दिवशीचं काय ते ठरवून घ्या. काकू म्हणतात त्यात तथ्य आहे, लिव्हरवर आणि पांढऱ्या पेशींवर परिणाम होऊ शकतो, म्हणून एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी करायचं. डोळे पिवळे, ताप, घसा दुखणं असं काही झालं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवायचं. अचानक पोटात जोरात कळ, अंगावर गांध्या, चक्कर असं झालं तर वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सीत, गाठ फुटलेली असू शकते.

बहिणीला आईकडून लागण होत नाही, माणसाकडून माणसाला हा आजार जातच नाही. एकत्र जेवा, बाळ आजीच्या मांडीवर खुशाल द्या. फक्त आईची ही गोळी बहिणीने चुकूनही घ्यायची नाही, गरोदरपणात चालत नाही. आणि घरातल्या बाकीच्यांची एकेकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्या, कारण आईला जिथून लागलं तिथे तुम्ही सगळेच राहिलात.

करमाळ्याची_सून:
माझ्या सासऱ्यांची सीई ५ आहे, अजून आहे म्हणजे पोटात. दुसऱ्याच कशासाठी तरी सोनोग्राफी केली त्यात सापडली, सगळी चुना धरलेली. एका ठिकाणी ऑपरेशन सांगितलं होतं, आम्ही तारीख पण घेतली होती. मग एका रेडिओलॉजिस्टने सांगितलं की ही आपोआप झोपलेली गाठ आहे, हिला छेडू नका. तेव्हापासून वर्षातून एकदा सोनोग्राफी, बाकी काही नाही, शेतात जातात, सगळं खातात. लिहिण्याचं कारण म्हणजे माणदेशी दादा, आमचं बघून तुम्ही आईचं ऑपरेशन टाळू नका, त्यांचा टप्पा वेगळा आणि आमच्यांचा वेगळा. हायडॅटिड म्हटलं की नातेवाईक म्हणतात अमक्याला काही केलं नाही तरी बरा आहे, पण अमक्याचा नंबर कुठला होता ते कोणी सांगत नाही.

सर्जरीवाला:
ताई, अगदी बरोबर लिहिलंत. त्यात एकच भर, आपोआप ४-५ ला पोचलेली गाठ सहसा शांत राहते, पण गोळ्यांमुळे ४ झालेली परत उठू शकते. म्हणून उपचार झालेल्यांनी बरं वाटतंय म्हणून सोनोग्राफी सोडायची नाही, निदान पाच वर्षं तरी दाखवत राहायचं.

पशुवैद्य_आटपाडी:
इतका वेळ सगळे लिव्हरबद्दल बोलतायत, आता कुत्र्याबद्दल बोलू द्या, कारण गाठ तिथून आलीय. माणदेशी भाऊ, तुमच्याकडे राखणीची कुत्री असणारच. मेंढरू मेलं किंवा जत्रेला बोकड कापला की पाण्याचे फुगे आलेलं काळीज, फोपसं खायला नको म्हणून लोक कुत्र्यांपुढे टाकतात. त्या फुग्यातल्या एकेका डोक्यापासून कुत्र्याच्या आतड्यात एकेक जंत होतो, जेमतेम काही मिलिमीटरचा, सहज नजरेला पडत नाही, कुत्रं धडधाकट असतं. साधारण दीड महिन्याने त्याच्या विष्ठेतून अंडी पडायला लागतात. तीच गवतावर, पाण्यात, कुत्र्याच्या अंगावरच्या केसांत, तिथून मेंढरात आणि माणसाच्या हातावरून तोंडात. मेंढीची गाठ खाऊन माणसाला होत नाही, कुत्र्यामार्फतच येतं. मटण सोडायची काही गरज नाही. म्हशीत पण या गाठी भरपूर सापडतात, त्यामुळे फक्त धनगरांचा आजार असं म्हणून आमच्या लोकांकडे बोट दाखवणं मला अजिबात पटत नाही, गावात कुठेही उघड्यावर जनावर कापलं जातं आणि मोकाट कुत्री असतात तिथे हे आहे.

माणदेशी_पोरगा:
डॉक्टर, आमच्याकडे तीन कुत्री आहेत, एक कळपाबरोबर असतं. मेडिकलमधून जंताची गोळी आणून दिली तर चालेल का? आणि आई आता आजारी म्हणून कुत्री सोडून द्यायला लागतील का? ती लहानपणापासूनची आहेत.

पशुवैद्य_आटपाडी:
सोडू नका हो, सोडलीत तर दुसऱ्याच्या वाड्यावर जाऊन तेच होणार. गोळी मात्र बघून घ्या, त्यात प्राझिक्वांटेल असलंच पाहिजे, जंताच्या प्रत्येक गोळीत ते नसतं आणि त्याच्याशिवाय हा जंत मरत नाही. डोस किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला १००. दर सहा आठवड्यांनी द्या, कारण त्याच्या आत नवीन जंताची अंडी पडायला लागत नाहीत. भाकरीच्या तुकड्यात गूळ घालून दिली की खातात, पण समोर उभं राहून गिळल्याची खात्री करा. एक गोष्ट लोकांना कोणी सांगत नाही, औषधाने जंत मरतो पण अंडी मरत नाहीत. म्हणून गोळी दिली की दोन दिवस कुत्रं बांधून ठेवा, आणि त्या दोन दिवसांची विष्ठा हातात पिशवी घालून गोळा करून जाळा किंवा खोल पुरा. फिनाइल टाकून काही होत नाही. ते आईंना करायला लावू नका, आणि बहीण आल्यावर तिलाही नको.

कळपाबरोबरचं कुत्रं राहून जातं नेहमी, त्याच्या गोळ्या चुलतभावाकडे मोजून देऊन ठेवा, कोकणातून परत येईपर्यंतच्या. आणि वाटेत मेंढरू मेलं तर कुत्र्यांनी उकरू नये इतका खड्डा, वर दगड. काळीज-फोपसं कुत्र्यांना द्यायचंच असेल तर अर्धा-पाऊण तास खळखळून उकळून. आटपाडीच्या बाजारला आलात तर भेटा, गोळ्यांचं मी बघतो.

माणदेशी_पोरगा:
शनिवारी येतोच. आईच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली मिळालीय, त्याआधी एलएफटी आणि सोनोग्राफी परत आहे, तो रिपोर्ट आला की इथेच टाकतो. मॅडम, तेवढा बघाल ना.

सोनोवाली_मॅडम:
टाका. आणि स्थिर फोटोऐवजी जमलं तर त्यांना कुशीवर वळवताना दहा सेकंदाचा व्हिडिओ सेव्ह करायला सांगा, सर्जनलाही तो उपयोगी पडेल.